घराच्या जमिनीखालची मुलं: इनामगावची हाडं काय सांगतात

हे मागच्या आठवड्यातल्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'तर' यातले निम्मे मी काढून टाकलेत, उरलेले तसेच ठेवलेत. विषय हाडांचा आहे. हाड कसं तयार होतं, कसं वाढतं आणि वाढायचं थांबलं तर त्याची नोंद कुठे राहते, असा. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा, त्यामुळे आपण दवाखान्यात नाही, एका गावाच्या पांढरीत जाणार आहोत.

पांढरी आणि काळी हे शब्द शहरातल्या श्रोत्यांसाठी आधी सांगतो. मराठवाड्यात, म्हणजे आमच्या सेलूकडेही, काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जमीन. शेकडो वर्षं एकाच जागी लोक राहिले की मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख साचते, शेण, कचरा, मोडकी मडकी यांचे थर चढतात आणि ती जागा उंच, पांढुरकी होते. जुन्या गावात घराचा पाया खणला की खापरं निघतात ती यामुळे. शेतकरी ही पांढरीची माती खत म्हणून गाडी भरभरून शेतात टाकायचे. पुरातत्त्वाच्या लोकांना ते ऐकून रडू येतं, पण पिकाला ती मानवते हे खरं आहे.

अशीच पांढरी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. गावाचं नाव इनामगाव. १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन सुरू केलं आणि ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हंगामामागून हंगाम चालू राहिलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. भारतात ताम्रपाषाण काळातलं एक खेडं इतक्या विस्तारानं उघडून बघण्याची संधी फार कमी वेळा मिळाली आहे. शंभराहून जास्त घरं सापडली. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० अशी जवळपास नऊशे वर्षांची वस्ती. तिचे तीन टप्पे पाडतात. आधी माळवा, मग इ. स. पू. १४०० ते १००० पूर्व जोर्वे, आणि १००० ते ७०० उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथं ही विशिष्ट तांबडी, काळ्या नक्षीची भांडी पहिल्यांदा ओळखली गेली म्हणून सगळ्या संस्कृतीला ते नाव.

आपल्या बाजूलाही हे लोक होते, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोदावरीकाठी पैठणजवळ आपेगाव, आणि प्रवरेकाठी नेवासा. दोन्ही नावं आपल्याला ज्ञानेश्वरांमुळे माहीत. आपेगाव त्यांच्या घराण्याचं गाव, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच गावांच्या मातीखाली ज्ञानेश्वरांच्या दोन हजार वर्षं आधीची ही वस्ती आहे.

आता मुद्द्यावर येतो. इनामगावच्या लोकांनी आपली मेलेली माणसं गावाबाहेर नेली नाहीत. घरातच, जमिनीखाली किंवा अंगणात पुरली. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला ठेवून निजवायचे, आणि घोट्याखाली पाय तोडायचे. का, यावर बरंच लिहिलं गेलंय. मेलेल्यानं उठून चालू नये, घरातच राहावं म्हणून, हा ढवळीकरांचा अंदाज प्रसिद्ध आहे. मला तो पटतो, पण शेवटी तो अंदाजच. याला एक ठळक अपवाद सापडला. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट फुगलेला रांजण आणि त्यात बसवलेला साधारण चाळिशीचा पुरुष. त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात.

पण या माणसाच्या रांजणापेक्षा माझं लक्ष दुसऱ्या मडक्यांवर गेलं. इनामगावात अडीचशेच्या आसपास दफनं सापडली आणि त्यातली बहुसंख्य लहान मुलांची आहेत. मुलासाठी राखाडी रंगाची दोन मडकी घ्यायची, आडवी करून तोंडाला तोंड लावायची, आत मूल. एका मडक्यात डोकं आणि धड, दुसऱ्यात पाय. जवळ एखादा वाडगा, तोटीचं एखादं भांडं. आणि वर पुन्हा सारवलेली जमीन, त्यावर रोजचा संसार.

आपल्याकडे आजही तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. बाळंतिणीची वार घराजवळ पुरायची पद्धत तर आमच्या आजीच्या पिढीपर्यंत सर्रास होती. या दोन गोष्टी इनामगावपासून सलग चालत आल्या असं मी म्हणणार नाही, तीन हजार वर्षांची सलगता सिद्ध करणं सोपं नाही. एवढंच म्हणतो की ही मडकी बघून आपल्याला अगदीच परकं वाटत नाही.

आता ही मडकी उघडणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. आत काय दिसेल? पुस्तकातला सांगाडा दिसणार नाही. दिसतील बारीक काटक्या, दोन्ही टोकं ओबडधोबड. मांडीच्या हाडाला वर तो गोल गोळा हवा, खाली गुडघ्याचा रुंद भाग हवा. तो नाहीच. मनगट नाही. गुडघ्याची वाटी नाही. डोक्याची कवटी सुट्या पापुद्र्यांसारखी. हे तुटलेलं नाही, चोरीला गेलेलं नाही. हे भाग त्या मुलात होते, पण हाडाचे नव्हते. कूर्चेचे होते, आणि कूर्चा मातीत कुजून जाते.

कूर्चा म्हणजे काय, तर आपला कान दुमडून बघा. नाकाचा शेंडा हलवून बघा. वाकते, पण परत जागेवर येते, ती कूर्चा. आपल्या जुन्या वैद्यकात तिच्यासाठी एक फार छान शब्द आहे. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार दिलेत, त्यातला एक 'तरुण', आणि त्याच्या जागा म्हणून नाक, कान असे अवयव सांगितलेत. तरुणास्थी, म्हणजे तरुण हाड. पुढे तिचं हाड होतं हे सुश्रुताला दिसलं होतं असा दावा मी करत नाही. हल्ली असे दावे फार झालेत. कान आणि नाक तर म्हातारपणीही कूर्चेचेच राहतात. पण कूर्चेला हाडांच्या कुटुंबात जागा देणं, आणि तिला तरुण म्हणणं, यात निरीक्षण आहे. आणखी एक गंमत. सुश्रुत हाडं ३०० मोजतो आणि तिथंच सांगतो की वेदवाले ३६० म्हणतात. चरकातही ३६०. आजच्या पुस्तकात मोठ्या माणसाची हाडं २०६. लोक याला चूक म्हणून हसतात. पण चरकाच्या यादीत दात आणि नखंसुद्धा धरलेली आहेत, आणि हाड कशाला म्हणायचं हे ठरवल्याशिवाय मोजणी होतच नाही. नवजात बाळाची मोजली तर आजही २७० ते ३०० असं उत्तर मिळतं, कारण पुढे एकमेकांना जुळणारे तुकडे तेव्हा सुटे असतात.

हे तुकडे येतात कसे? आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमाराला हाता-पायांच्या जागी कूर्चेचे छोटे नमुने तयार होतात. मांडीच्या हाडाचा आकार आहे, पण हाड नाही. आठव्या आठवड्याच्या आसपास त्या नमुन्याच्या मधोमध हाड बनायला लागतं आणि ते दोन्ही टोकांकडे सरकत जातं. बाळ जन्मतं तेव्हा दांडा हाडाचा झालेला असतो, टोकं अजून कूर्चेची. गुडघ्याजवळच्या टोकात जन्माच्या थोडं आधी हाडाचा एक ठिपका उमटतो. मूल पूर्ण दिवसांचं होतं का, हे ठरवायला न्यायवैद्यकात हा ठिपका बघतात.

सगळी हाडं या वाटेनं जात नाहीत. कवटीची वरची हाडं कूर्चेशिवाय, थेट पातळ पडद्यात तयार होतात आणि कडांनी पसरत जातात. ती अजून भेटलेली नसतात ती जागा म्हणजे टाळू. आपल्याकडे आज्या रोज तेलानं बाळाची टाळू भरतात. ती तेलानं भरत नाही, चारही बाजूंची हाडं वाढत येऊन साधारण दीड वर्षापर्यंत भरते, पण आज्यांना हे सांगायला जाऊ नका. गळपट्टीचं हाड, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंत आडवं जातं ते, शरीरात सगळ्यात आधी हाड व्हायला लागतं आणि त्याचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी जुळतं, विशीच्या उत्तरार्धात. म्हणजे माझं आत्ता कुठे झालं असेल. मिशी येऊन बारा वर्षं झाली आणि सांगाडा आत्ता पूर्ण!

आता हाडाच्या लांबीचा प्रश्न. बाळाचं मांडीचं हाड बोटाएवढं, मोठेपणी हातभर. मधल्या काळात काय होतं? रबर ताणल्यासारखं सगळं हाड ताणलं जातं का? हा प्रश्न स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं फार साध्या रीतीनं सोडवला. १७२७ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो की कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला त्यानं अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन भोकं पाडली आणि दोन महिने थांबला. पाय इंचभर वाढला होता, भोकांमधलं अंतर होतं तेवढंच. म्हणजे दांडा ताणला जात नाही, वाढ टोकांकडे होते.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते कारण तिचा संबंध कापडाशी आहे. १७३६ मध्ये जॉन बेल्चियर हा लंडनचा शल्यवैद्य एका छीट छापणाऱ्याकडे जेवायला गेला होता. पानात डुकराचं मांस, आणि त्यातली हाडं लालभडक. छपाईत वापरलेला मंजिष्ठाच्या जातीचा तांबडा रंग ज्या कोंड्यात मुरला होता तो कोंडा डुकरांना घातला जात होता. आपल्याकडे मंजिष्ठा रंगालाही वापरत आणि औषधालाही, तिचीच ही युरोपातली बहीण. मांस लाल नाही, चरबी लाल नाही, फक्त हाड लाल! कारण त्या रंगाचे रेणू नव्यानं बसणाऱ्या कॅल्शियमला चिकटतात. आता प्रयोग करणाऱ्यांच्या हाती एक खडूच आला. जनावराला काही दिवस रंग द्या, काही दिवस थांबवा, पुन्हा द्या. हाड कापलं की लाल आणि पांढरे थर. फ्रान्समध्ये द्युआमेलनं आणि नंतर इंग्लंडमध्ये जॉन हंटरनं हेच करून दाखवलं की हाडाची जाडी बाहेरून थर चढून वाढते, आणि त्याच वेळी आतून हाड खाल्लंही जातं, म्हणून मज्जेची पोकळी रुंदावते.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे लॉग फाईलसारखं दिसतं. नवीन नोंदी ठरलेल्या जागी पडतात आणि जुन्या नोंदी एका बाजूनं पुसल्या जातात. लॉग वाचणाऱ्याला दोन्ही माहीत पाहिजे, नाहीतर नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही असं तो धरून चालतो.

लांबीची वाढ नेमकी कुठे होते तेही बघू. हाडाचा दांडा आणि हाडाचं टोक यांच्या मधे कूर्चेची एक पातळ चकती असते, वाढचकती म्हणू. तिच्यातल्या पेशी विभागतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. दांड्याकडच्या पेशी फुगतात, त्यांच्या भोवती चुना बसतो, मग दांड्यातून रक्तवाहिन्या घुसतात, हाड बनवणाऱ्या पेशी घेऊन येतात, आणि कूर्चेच्या जागी हाड बसतं. बहुतांशी कूर्चा स्वतः हाड होत नाही, ती जागा करून देते. स्लॅब टाकताना सेंटरिंग ठोकतात ना, तसं. काँक्रीट सेंटरिंगच्या आकारात बसतं, मग सेंटरिंग निघतं. फक्त इथं सेंटरिंगचा ठेकेदार एका बाजूनं पुढे पुढे ठोकत जातो आणि दुसऱ्या बाजूनं काँक्रीटवाला त्याच्या मागे येतो, असं सोळा-अठरा वर्षं. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी गुडघ्याकडच्या एकाच चकतीतून येते. वयात आल्यावर संप्रेरकांच्या परिणामानं चकती संपते, तिचंही हाड होतं, आणि उंची थांबते. त्यानंतर कितीही दूध प्या.

या कामाला माल लागतो. प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. ड नसलं तर चुना बसत नाही, चकती फुगत राहते, मनगटं जाडसर होतात, पाय वाकतात. हा मुडदूस. अन्नच कमी पडलं किंवा मूल जुलाबानं, तापानं सतत आजारी राहिलं तर शरीर सगळ्यात आधी ज्या कामांवर पैसा वाचवतं त्यात ही चकती येते. पेशी विभागायच्या थांबतात. मूल जगतं, पण वाढत नाही. दांड्याची जाडीही मार खाते. बाहेरून थर चढायचा मंदावतो, आतून खाणं चालूच राहतं, आणि हाडाची भिंत पातळ होते.

आता परत इनामगावच्या मडक्याकडे चला, कारण आता ती काटकी वाचता येईल. पहिला प्रश्न, मूल किती वयाचं होतं? हाडाच्या लांबीवरून सांगाल तर फसाल, कारण वाढ खुंटलेलं तीन वर्षांचं मूल दोन वर्षांचं दिसेल. त्यासाठी दात. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात, पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमाराला. उपासमारीत हाड मागे पडतं तितके दात मागे पडत नाहीत. म्हणून वय दातांवरून काढायचं, आणि त्या वयाला मांडीचं हाड किती लांब हवं होतं आणि किती आहे, ते मोजायचं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या मुलाच्या आयुष्यात काय झालं याची नोंद.

इनामगावच्या सांगाड्यांचा पहिला मोठा अभ्यास अमेरिकेतले जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला, त्याचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेनं नेमकी मुलांची हाडं घेतली. दातांवरून वय, हाडाच्या लांबीवरून उंची, आणि मांडीच्या दांड्याच्या मधल्या छेदावरून अंगात वजन किती असेल याचा हिशेब. २०११ मध्ये तिचं पुस्तक प्रसिद्ध झालं. उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे इ. स. पू. १००० नंतरच्या इनामगावात मुलांची वाढ खुंटलेली दिसते, वयाच्या मानानं उंची कमी, अंग कमी.

हे त्या गावाच्या इतर पुराव्यांशी जुळतं. पूर्व जोर्वे काळात इनामगावात चौकोनी, ऐसपैस घरं होती, मोठी कोठारं होती, नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध होता. मुख्य पीक जव, जोडीला गहू आणि कडधान्यं. उत्तर जोर्वेत गोल, छोट्या झोपड्या येतात, शेती आखडते, शिकार आणि रानातलं गोळा करणं वाढतं, लोक वर्षातला काही काळ जनावरं घेऊन फिरत असावेत. ढवळीकरांनी याचं कारण हवामानात शोधलं. पाऊस कमी होत गेला, दुष्काळ पडले, शेती बसली, शेवटी लोक गाव सोडून गेले. मराठवाड्यातल्या माणसाला हे स्पष्टीकरण लगेच पटतं. आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ ही अजूनही कालगणना आहे. कुणाचा जन्म विचारला तर 'बहात्तरच्या आधीचा' असं सांगतात.

शुग मात्र इथं थांबत नाही, आणि माझ्या मते तिच्या कामातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. हवामानाच्या नव्या पुराव्यांशी ताडून ती म्हणते की एकट्या पावसावर सगळं ढकलता येत नाही. हा प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता, लोक त्यातच शेकडो वर्षं शेती करत होते. प्रश्न लोकांनी जमीन कशी वापरली, जगायची पद्धत कशी बदलली, आणि त्या बदलाची किंमत कुणी दिली, हाही आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत नसतो असं नाही, पण धान्य सगळ्यांच्या घरी सारखं नसतं. पाच खोल्यांचं घर आणि गोल झोपडी एकाच गावात होती, हे विसरायचं नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. आता एक अडचण, आणि ही अडचण समजून घेतल्याशिवाय कुठल्याही जुन्या सांगाड्याबद्दल बोलू नये. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला, त्यातला प्रश्न असा. तुमच्या समोर जी मुलं आहेत ती सगळी मेलेली आहेत. जी वाढली, मोठी झाली, त्यांच्या लहानपणची हाडं तुमच्याकडे नाहीतच. मग मेलेल्या मुलांवरून गावातल्या सगळ्या मुलांबद्दल कसं बोलता? आमच्या धंद्यात क्रॅश रिपोर्ट येतात तसं हे. जे फोन बंद पडले त्यांचेच रिपोर्ट येतात, नीट चालणारे फोन काहीच पाठवत नाहीत. त्यावरून सगळेच फोन बिघडलेत असं कुणी म्हणालं तर आपण हसू.

उलटंही होतं. हाडावर उपासमारीची खूण उमटायला मूल काही काळ जगावं लागतं. साथीच्या तापानं दोन दिवसांत गेलेल्या मुलाचं हाड अगदी निरोगी दिसेल. म्हणजे खूण असलेलं मूल जास्त चिवट होतं, असाही अर्थ निघू शकतो. आणि मुलांची दफनं जास्त म्हणजे मुलं जास्त मरत होती, हेही सरळ नाही. जास्त जन्म होत असतील तरी लहान थडगी वाढतात.

मग हा सगळा अभ्यास वाया गेला का? नाही. इनामगावात तुलना मेलेल्यांची जिवंतांशी नाही. पूर्व जोर्वेतली मेलेली मुलं आणि उत्तर जोर्वेतली मेलेली मुलं, त्याच गावातली, त्याच तऱ्हेनं मडक्यात पुरलेली. दोन्हीकडे निवड मृत्यूनंच केलेली आहे. तरीही नंतरची मुलं जास्त खुरटलेली निघतात, तेव्हा गावात काहीतरी बिघडलं होतं हे म्हणायला जागा आहे. किती बिघडलं, हे म्हणायला नाही. निदान मी म्हणणार नाही.

एक जुनं साधन यात निकालात निघालं तेही सांगतो. हाडाच्या क्ष-किरण चित्रात कधी कधी आडव्या रेघा दिसतात. वाढ थांबून पुन्हा सुरू झाली की अशी रेघ राहते, हॅरिस रेघा म्हणतात त्यांना. एक रेघ म्हणजे एक दुष्काळ असं पूर्वी लोक मोजायचे. पण धडधाकट मुलांतही त्या दिसतात, आणि हाड आतून बदलत राहतं तशा पुसल्याही जातात. झाडाच्या वर्तुळांसारखं हाड वाचता येत नाही.

शेवटचा भाग आजचा. मूल जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर, वर्षाचं होतं तेव्हा ७५. एका वर्षात २५ सेंटिमीटर! पुढच्या वर्षी याच्या निम्मं. इतक्या वेगानं त्या चकत्या नंतर कधीच चालत नाहीत, वयात येतानाही नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांत जे हुकतं ते मोठं असतं. आणि हाच काळ आईचं दूध अपुरं पडायला लागण्याचा, वरचं अन्न सुरू होण्याचा, रांगताना हाती लागेल ते तोंडात घालण्याचा आणि जुलाबांचा. इनामगावात गाईचं दूध होतं, जवाची पेज करता येत होती, पण घोड नदीचं पाणी उकळून कोण देणार?

आज आपण खुरटणं कसं मोजतो, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये ठरवलेल्या वाढीच्या तक्त्याशी तुलना करून. वयाच्या मानानं उंची ठरलेल्या रेषेच्या खाली असली की मूल खुजं धरतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं या रेषेखाली होती. तीनातलं एक. त्याआधीच्या पाहणीत ३४ होती, म्हणजे चार-पाच वर्षांत जागचं हललंच नाही.

पण हलू शकतं, हेही याच राज्यात दिसलंय, आणि सुरुवात आपल्या मराठवाड्यातून झाली. २००५ मध्ये औरंगाबाद विभागात राजमाता जिजाऊ माता-बाल पोषण मिशन सुरू झालं, आपला परभणी जिल्हाही त्याच विभागात. जोर पहिल्या दोन वर्षांवर आणि गरोदर आईवर. अंगणवाडीत फक्त वजन करून वहीत लिहायचं असं नाही, कमी भरलेल्या मुलाच्या मागे लागायचं. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या ३९ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती, २०१२ च्या पाहणीत ती २४ टक्क्यांच्या आसपास आली. त्या सहा-सात वर्षांत मुलींची लग्नाची वयं, आयांचं शिक्षण, घरातलं उत्पन्न असं बरंच काही बदललं, त्यामुळे सगळं श्रेय मिशनला द्यायचं का यावर वाद आहे, आणि तो योग्य आहे. पण इतक्या कमी वर्षांत इतका फरक पडतो याचा अर्थ खुजेपणा 'आमच्या रक्तातच आहे' हे म्हणणं टिकत नाही. रक्त सहा वर्षांत बदलत नाही.

हे 'रक्तात आहे' वालं वाक्य मी सेलूत लहानपणापासून ऐकत आलोय. आई-बाप बुटके, मग पोर कुठून उंच होणार? उंचीत आनुवंशिकता असते, मोठी असते. पण आई-बाप बुटके का राहिले, हा प्रश्न त्यात गाळलेला असतो. ज्या आईच्या स्वतःच्या चकत्या लहानपणी उपाशी राहिल्या तिचं बाळ जन्मतःच लहान असण्याची शक्यता जास्त. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात जी मुलगी दोन वर्षांची होती, तिच्या हाडांवर तो दुष्काळ आजही आहे, आणि तिच्या मुलांच्या हाडांवर थोडासा.

इनामगावची हाडं डेक्कन कॉलेजनं सांभाळून ठेवली आहेत. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलात तर चार पायांच्या रांजणासमोर लोक थांबतात, फोटो काढतात. मुलांची मडकी बघायला थोडं जास्त थांबा. इ. स. पू. ७०० च्या सुमाराला गाव ओस पडलं, माणसं कुठेतरी निघून गेली, आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली मुलं तिथंच राहिली.

पुढच्या भागात दायमाबाद आणि तिथं १९७४ मध्ये सापडलेला तांब्याचा रथ. प्रश्न असतील तर पाठवा, मी वाचतो. भेटू.